पिकअपच्या पोटाखालची ढाल: स्किड प्लेट निवडताना जुळणी कशी पाहायची

खडकाळ वाटेवर पिकअप पोटावर बसली की जो आवाज येतो, तो एकदा ऐकलेला माणूस विसरत नाही. आधी दणका, मग लोखंडावर दगड घासल्याची लांबलचक करकर. गाडी थांबवायची, खाली उतरून वाकायचं आणि जमिनीवर तेलाचा ओघळ दिसतोय का ते शोधायचं. ओघळ दिसला आणि तो इंजिनच्या चेंबरचा, म्हणजे तळाशी तेल साठवणाऱ्या भांड्याचा निघाला, तर तिथून पुढे गाडी स्वतःच्या बळावर हलवायची नाही. तेल गेलेलं इंजिन थोडा वेळ जरी चालवलं, तरी बेअरिंगं जळतात आणि चेंबरचं काम अख्ख्या इंजिनवर जातं.

हे टाळायला स्किड प्लेट, म्हणजे गाडीच्या पोटाखाली बसणारी जाड ढाल, लावतात. पण निवडताना बहुतेक जण एकच प्रश्न विचारतात, "माझ्या मॉडेलला बसेल का?" समोरचा "बसेल" म्हणतो आणि ते खोटं नसतं. भोकं जुळतात, बोल्ट लागतात. माझी पहिली प्लेट मी अशीच घेतली. गाडीला लिफ्ट किट (गाडी उंच करणारा संच) लावलेलं होतं आणि त्यासोबत पुढचं डिफरन्शियल (दोन्ही चाकांना ताकद वाटून देणारी गिअरची पेटी) खाली सरकवणारे ब्रॅकेट होते. प्लेट बसली, पण तिच्या आणि डिफरन्शियलच्या मध्ये करंगळीही शिरत नव्हती. पहिल्याच मोठ्या धोंड्यावर प्लेट थोडी वर दबली आणि सगळा दणका सरळ डिफरन्शियलच्या हौसिंगला लागला. हौसिंगला केसासारखी बारीक चीर गेली आणि घरी पोचेपर्यंत त्यातलं निम्मं तेल झिरपून गेलं. प्लेटवर मात्र एक पोचा पडला होता, बाकी ती धडधाकट.

तेव्हापासून माझ्या लेखी "बसते" आणि "जुळते" हे दोन वेगळे शब्द आहेत. प्लेट गाडीच्या चासीशी जुळायला हवी, गाडीवर केलेल्या बदलांशी जुळायला हवी, आतल्या भागांच्या हालचालीशी आणि उष्णतेशी, तेलबदलाच्या कामाशी आणि गाडी पेलू शकेल त्या वजनाशीही. ही जुळणी विकत घेण्याआधी कशी तपासायची, ते क्रमाने सांगतो.

पायरी १: आधी गाडीखाली आडवे व्हा

कॅटलॉग उघडण्यापूर्वी एक जाड पुठ्ठा, एक बॅटरी आणि खडू घेऊन गाडीखाली जा. जमीन सपाट आणि पक्की हवी. गाडी उचलावी लागली, तर नुसत्या जॅकच्या भरवशावर खाली शिरू नका. स्टँड लावा, चाकांना अडणी लावा, मगच डोकं आत घाला.

खाली गेल्यावर ओरखडे शोधा. प्रत्येक ओरखड्याभोवती खडूने गोल काढा आणि फोटो घ्या. गाडीचं पोट म्हणजे तुमच्या वाटांची नोंदवही असते. ओरखडे समोरच्या क्रॉस मेंबरवर (चासीच्या दोन बाजू जोडणाऱ्या आडव्या पट्टीवर) असतील, तर तुम्ही चढाला भिडताना पुढून आपटता. गिअरबॉक्सच्या आणि ट्रान्सफर केसच्या (पुढच्या व मागच्या चाकांना ताकद वाटणाऱ्या पेटीच्या) पट्ट्यात असतील, तर उंचवटा ओलांडताना गाडी मध्ये टेकते. लांब व्हीलबेसच्या (पुढच्या आणि मागच्या चाकांत जास्त अंतर असलेल्या) डबल कॅब पिकअपला हा त्रास जास्त होतो. डिझेल टाकीच्या खालच्या कडेवर असतील, तर मागची चाकं चाकोरीत उतरताना मागचा भाग बसतोय.

यातून काय विकत घ्यायचं ते निम्मं ठरतं. सगळा संच एकदम घ्यावाच लागतो असं नाही. ज्यांच्या गाडीला मध्यभागी एकही ओरखडा नाही, त्यांनी आधी पुढची प्लेट चांगली घ्यावी आणि टाकीची प्लेट त्यानंतर. माझा साधारण क्रम असा: इंजिनचा चेंबर आणि पुढचं डिफरन्शियल, मग ट्रान्सफर केस व गिअरबॉक्स, मग टाकी. ओरखडे वेगळं सांगत असतील, तर त्यांचं ऐका.

कंपनीने आधीच लावलेल्या प्लेटही या वेळी पाहून घ्या. त्या बहुधा पातळ, दाबून आकार दिलेल्या पत्र्याच्या असतात. उडालेले खडे आणि हलकं घासणं त्या झेलतात, गाडीचा भार झेलत नाहीत. काहींच्या जागी चक्क प्लास्टिकचं झाकण असतं. नवी प्लेट जुनी काढून बसणार की जुनीच्या खाली, हे विचारायचं आहे, ते लक्षात ठेवा.

पायरी २: गाडीची खरी ओळख लिहून काढा

मॉडेलचं नाव ही ओळख पुरेशी नसते. माझदा बीटी-५० हे उत्तम उदाहरण आहे. २०११ मध्ये आलेली पिढी फोर्ड रेंजरच्या घराण्यातली होती, तर २०२० पासूनची पिढी इसुझू डी-मॅक्सवर आधारलेली आहे. नाव एकच, पण पोट पूर्ण वेगळं. टोयोटा टाकोमाची २०१६ ते २०२३ ही एक पिढी आणि २०२४ ची गाडी नव्या चासीवरची. फोर्ड रेंजरची २०२२ ची पिढी आधीपेक्षा ५० मिलिमीटर जास्त रुंद ट्रॅकची (डाव्या-उजव्या चाकांमधल्या अंतराची) आणि ५० मिलिमीटर लांब व्हीलबेसची झाली. तेव्हा "रेंजरची प्लेट" असं काही नसतं, अमुक पिढीच्या रेंजरची प्लेट असते.

एका कागदावर एवढं लिहा: चासी नंबर, उत्पादनाचा महिना आणि वर्ष, इंजिन कुठलं, गिअरबॉक्स मॅन्युअल की ऑटोमॅटिक, टू व्हील ड्राइव्ह की फोर बाय फोर, कॅब सिंगल की डबल. यातली प्रत्येक गोष्ट खालची मांडणी बदलते. ऑटोमॅटिक गिअरबॉक्सचा तळ मॅन्युअलपेक्षा वेगळ्या आकाराचा असतो आणि त्याला आधार देणारा क्रॉस मेंबर पुढेमागे सरकलेला असू शकतो. टू व्हील ड्राइव्ह गाडीत पुढचं डिफरन्शियल नसतंच, त्यामुळे त्याच मॉडेलच्या फोर बाय फोरसाठीची प्लेट टेकवायची जागाच काही वेळा तिथे सापडत नाही. इंजिन बदललं की चेंबरचा तळ आणि ड्रेन बोल्टची (तेल सोडायच्या बोल्टची) जागा बदलते.

उत्पादनाचा महिना मुद्दाम लिहायला सांगतोय. पिढीच्या मध्यावर गाडीचा चेहरा बदलतात तेव्हा बंपर, त्यामागचे ब्रॅकेट आणि कधी कधी सायलेन्सरच्या पाइपची वाटही बदलते. वर्षाच्या सीमेवरच्या गाड्यांची फसगत इथे होते.

पुढचा अॅक्सल (दोन चाकांमधला आस) कसा आहे हेही पाहा. जीप ग्लॅडिएटरला पुढेही अखंड अॅक्सल आहे. तिथे डिफरन्शियल चाकांबरोबर वरखाली होतं, म्हणून चासीला लावलेली प्लेट त्याचं रक्षण करू शकत नाही, त्याला स्वतःची वेगळी ढाल लागते. आजच्या बहुतेक पिकअपना पुढे स्वतंत्र सस्पेन्शन असतं. त्यात डिफरन्शियल चासीला टांगलेलं असतं आणि एकच मोठी प्लेट चेंबर, डिफरन्शियल, स्टीअरिंग रॅक असं सगळं झाकू शकते.

पायरी ३: गाडीत केलेले बदल प्रामाणिकपणे मोजा

प्लेट बनवणारा माणूस बहुतेक वेळा कंपनीतून आली तशीच गाडी समोर ठेवून माप घेतो. तुमची गाडी तशी नसेल, तर ते तुम्हीच त्याला सांगितलं पाहिजे.

सगळ्यात जास्त गोंधळ लिफ्ट किटने होतो. नुसत्या लांब स्प्रिंगचं लिफ्ट असेल, तर चासी आणि डिफरन्शियल यांचं नातं बदलत नाही, प्लेट जशीच्या तशी बसते. पण चाकांना ताकद पोचवणाऱ्या ड्राइव्ह शाफ्टचा कोन कमी करण्यासाठी डिफरन्शियल खाली घेतलं असेल, तर माझ्यासारखी गत होते. अशा वेळी प्लेटही तेवढीच खाली घेणारे स्पेसर लागतात आणि त्याबरोबर लांब बोल्टही. स्पेसर लावताना एक भान ठेवा. स्पेसर जितका उंच, तितका दगडाचा आडवा फटका बोल्टला जास्त वाकवतो. जाड नळीचे, रुंद बुडाचे स्पेसर घ्या. पाच-सहा वायसर एकावर एक रचून काम भागवू नका. मोठ्या लिफ्टमध्ये सस्पेन्शनचे क्रॉस मेंबरच बदलून खाली आणलेले असतात. तिथे सर्वसाधारण प्लेट विसरा आणि त्या लिफ्ट किटसाठीच बनलेली प्लेट शोधा.

दुसरं म्हणजे पुढचा लोखंडी बंपर आणि विंच (अडकलेली गाडी दोराने ओढणारं यंत्र). पुष्कळ प्लेटचं पुढचं टोक मूळ बंपरमागच्या क्रॉस मेंबरला किंवा ब्रॅकेटला अडकतं. नवा बंपर लावताना तोच तुकडा काढून टाकलेला असतो. काही बंपरना स्वतःची छोटी प्लेट असते आणि मग दोन्हींची टोकं एकमेकांवर आदळतात. बंपरचा आणि प्लेटचा उत्पादक वेगळा असेल, तर दोघांनाही एकमेकांच्या वस्तूचं नाव सांगून विचारा.

बाजूचे रॉक स्लायडर (दारांखाली दगड झेलणाऱ्या नळ्या), बदललेला सायलेन्सर, गिअरबॉक्सचा वेगळा कूलर, मोठी टाकी, चासीखालून ओढलेली वायर किंवा हवेची नळी, कंट्रोल आर्मच्या (चाक चासीला जोडणाऱ्या सस्पेन्शनच्या दांड्याच्या) मुळाशी वेल्ड केलेले मजबुतीचे तुकडे: हे सगळं यादीत यायला हवं. क्षुल्लक वाटतं ते विशेष करून लिहा. स्लायडरचा पाय चासीच्या ज्या भोकात बसलेला असतो, तेच भोक मधल्या प्लेटला हवं असतं, असं मी पाहिलं आहे.

पायरी ४: धातू आणि जाडी

इथे चर्चा पुष्कळ होते आणि आकडे कमी बोलले जातात. स्टीलची घनता पाण्याच्या ७.८५ पट, ॲल्युमिनियमची साधारण २.७ पट. म्हणजे एक चौरस मीटर, ५ मिलिमीटर जाड स्टील सुमारे ३९ किलो भरतं, तर तेवढंच ६ मिलिमीटर जाड ॲल्युमिनियम सुमारे १६ किलो. उलट, कडकपणात स्टील ॲल्युमिनियमच्या जवळजवळ तिप्पट आहे. पण पत्र्याचा वाकण्याला होणारा विरोध जाडीच्या घनाप्रमाणे वाढतो, जाडी दुप्पट केली की विरोध आठपट होतो. त्यामुळे ६ मिलिमीटरचं ॲल्युमिनियम ४ मिलिमीटरच्या स्टीलपेक्षा थोडं कडकच ठरतं आणि वजन जवळपास निम्मं राहतं. ॲल्युमिनियम म्हणजे नाजूक, ही समजूत म्हणूनच अर्धी खरी.

उरलेली अर्धी बाजू घासण्याची आहे. स्टील दगडावरून सरकतं. ॲल्युमिनियम मऊ असल्याने दगडाची धार त्यात रुतते, धातू खरवडून निघतो आणि गाडी अडल्यासारखी होते. आठवड्यातून दोनदा खडकावर गाडी घसटणाऱ्याला मी स्टीलच सुचवेन. लांब पल्ल्याच्या कच्च्या वाटा, भरलेलं सामान आणि कधीतरी एखादा दगड, असा ज्याचा वापर आहे, त्याने ॲल्युमिनियम घ्यावं.

ॲल्युमिनियम घेताना मिश्रधातूचा क्रमांक विचारा. ५०५२ हा चांगला वाकतो आणि गंजाला दाद देत नाही. ६०६१-टी६ जास्त ताकदीचा, पण अरुंद घडी घातली तर घडीवर तडकू शकतो, आणि वेल्ड केला तर वेल्डच्या आसपास त्याची ताकद उतरते. त्यामुळे ६०६१ च्या प्लेटला घड्या मोठ्या गोलाईच्या आहेत का आणि कडेचे पंख वेल्डने जोडलेत का, ते पाहा.

स्टीलमध्ये ४ ते ५ मिलिमीटरची पुढची प्लेट बहुतेकांना पुरते. ३ मिलिमीटरचीही चालते, पण तिला आडव्या घड्या किंवा मागून वेल्ड केलेल्या पट्ट्या हव्यात. सपाट ३ मिलिमीटरचा पत्रा मधोमध दबतो. ६ मिलिमीटरचं स्टील सगळीकडे लावणं म्हणजे वजन वाहून नेणं. रंगाचं म्हणाल, तर पावडर कोटिंग दिसतं छान, पण दगडाने एकदा सोललं की कोटिंगच्या कडेखाली पाणी शिरतं आणि गंज आत लपून पसरतो. साधा रंग दर मोसमानंतर आपल्या हाताने पुन्हा मारता येतो. जस्ताचा मुलामा दिलेली प्लेट मिळाली, तर ती मला सगळ्यात आवडते.

तिसरा प्रकार म्हणजे यूएचएमडब्ल्यू नावाचं जाड प्लास्टिक. ते खडकावरून अप्रतिम सरकतं आणि पाण्यापेक्षाही हलकं असतं. पण ते १३० ते १३५ अंश सेल्सियसच्या आसपास वितळतं, आणि मऊ पडायला त्याच्या बरंच आधी सुरुवात होते. सायलेन्सरच्या जवळपास त्याला जागा देऊ नका. धातूच्या प्लेटखाली घसरपट्टी म्हणून ते उत्तम.

ॲल्युमिनियमची प्लेट स्टीलच्या चासीला थेट भिडली आणि मध्ये खारट पाणी साचलं, तर दोन धातूंच्या संगतीने ॲल्युमिनियम कुरतडलं जातं. जोडाच्या जागी रबर किंवा नायलॉनची पातळ गादी आणि जस्ताचा मुलामा दिलेले बोल्ट हवेत. स्टेनलेसचे बोल्ट दिसायला झकास, पण ॲल्युमिनियमच्या शेजारी त्यांची संगत आणखी वाईट.

पायरी ५: प्लेट कशाला टेकते, ते बघा

मला एकच पायरी ठेवायला सांगितली, तर मी ही ठेवीन. प्लेटची ताकद तिच्या पत्र्यात थोडी आणि तिच्या आधारात जास्त असते.

हिशेब असा. २२०० किलोच्या पिकअपचा पुढचा भार साधारण १२०० किलो धरा. तो भार एखाद्या दगडावर हळूच ठेवला, तर १२०० किलोच लागतो. पण अचानक सोडला, जराही उंचीवरून न पडता, तरी क्षणभर त्याचा परिणाम दुप्पट होतो. गाडी खरोखर पडली, तर त्याहून जास्त. एवढा भार पातळ ब्रॅकेटला टांगलेल्या पत्र्याने झेलायचा, की सरळ चासीने?

चांगल्या प्लेटच्या कडा चासीच्या जाड कडेला किंवा भक्कम क्रॉस मेंबरला खालून टेकतात. दगड वर ढकलतो, प्लेट चासीवर दाबली जाते, आणि बोल्टला फक्त प्लेट जागेवर धरून ठेवायचं काम उरतं. वाईट मांडणीत प्लेट कानासारख्या लोंबत्या पट्ट्यांवर असते. दगड लागला की पट्टी दुमडते, बोल्ट ताणला जातो आणि प्लेट वर जाऊन चेंबरला भिडते. फोटोत हे कळत नाही. प्लेटचा वरच्या बाजूने घेतलेला फोटो आणि ब्रॅकेटची जाडी मागा. ब्रॅकेट प्लेटपेक्षा पातळ असेल, तर मी तिथेच थांबतो.

बोल्टची डोकी प्लेटच्या खाली उंच येता कामा नयेत. दगड ती सोलून काढतो आणि मग पाना धरायला काहीच उरत नाही. भोकाभोवतीचा पत्रा आत दाबून केलेल्या खळग्यात डोकं पूर्ण बुडलं पाहिजे. बोल्टच्या डोक्यावर ८.८ किंवा १०.९ असा दर्जा कोरलेला असतो, आकडा नसलेला बोल्ट वापरू नका. पुढच्या प्लेटला ८ मिलिमीटरचे चार बोल्ट असतील, तर मला कमी वाटतात. १० मिलिमीटरचे सहा असले की मन निश्चिंत होतं. उभट भोकं जुळवाजुळवीला सोयीची, पण सगळीच भोकं उभट असतील, तर आडव्या फटक्यात प्लेट मागे सरकते. निदान दोन भोकं तरी गोल आणि घट्ट हवीत.

चासीत नवी भोकं पाडायला किंवा चासीला वेल्डिंग करायला सांगणारी प्लेट टाळा. चासीची मूळ भोकं वापरणारी प्लेट मिळत असताना तो धोका कशाला? पॉप रिव्हेटसारखा दाबून बसवलेला नट दुय्यम कडेला चालेल, मुख्य भाराला मुळीच नाही.

एकापेक्षा जास्त प्लेट घेत असाल, तर त्या एकमेकींवर कशा चढतात ते पाहा. छपरावरची कौलं आठवा. वरच्या कौलाची कड खालच्यावर येते, म्हणून पाणी आत शिरत नाही. इथे पाण्याच्या जागी दगड आहे. गाडी पुढे जाते तेव्हा दगड पुढून मागे सरकतो, म्हणून पुढच्या प्लेटची मागची कड मधल्या प्लेटच्या पुढच्या कडेच्या खाली, म्हणजे जमिनीच्या बाजूला, असली पाहिजे. उलट असेल, तर मधल्या प्लेटची कड नांगराच्या फाळासारखी दगडात अडकते. वेगवेगळ्या उत्पादकांच्या प्लेट एकत्र करताना हे हमखास बिघडतं. शक्यतो पुढची आणि मधली एकाच संचातली घ्या.

पायरी ६: उष्णता, चिखल आणि गवत

नव्या डिझेल गाड्यांच्या सायलेन्सरमध्ये काजळी पकडणारा फिल्टर असतो. साचलेली काजळी तो अधूनमधून जाळतो आणि त्या वेळी आतलं तापमान ६०० अंशांच्या आसपास जातं. पेट्रोल गाडीचा कॅटॅलिटिक कन्व्हर्टरही (धुरातले विषारी वायू कमी करणारा भाग) भरपूर तापतो. हे भाग चहूबाजूंनी बंद करणारी प्लेट नको. त्यांच्या खाली खिडक्या कापलेल्या असाव्यात. कंपनीने लावलेला चकचकीत उष्णतारोधक पत्रा काढून टाकायला लावणारी प्लेटही नको.

वाळलेलं गवत हा खरा धोका आहे. उंच गवतातून गाडी गेली की काड्या प्लेटच्या वरच्या बाजूला साचतात, तापलेल्या पाइपजवळ सुकतात आणि पेट घेतात. प्लेट निवडताना हात घालून गवत काढता येईल अशा फटी आहेत का ते पाहा. गवताळ माळ पार केल्यावर थांबून, बॅटरी लावून आत नजर टाकायची सवय लावून घ्या.

चिखलासाठी निचऱ्याची भोकं मोठी हवीत. दहा लिटर ओला चिखल साधारण अठरा किलोचा असतो आणि तो ड्रेन बोल्टभोवती वाळून दगडासारखा होतो. पाइपचं पाणी आत मारता आलं पाहिजे आणि ते खाली गळून गेलं पाहिजे. पण भोकं इतकी मोठीही नकोत की टोकदार दगड आत घुसेल. चेंबरच्या सरळ खाली फट नसावी, बाजूला असावी.

गिअरबॉक्स पूर्ण झाकला गेला, तर त्याच्या तळाला लागणारा वारा कमी होतो. ऑटोमॅटिक गाडीवाल्यांनी चढावर तेलाचं तापमान आधी आणि नंतर पाहून ठेवावं.

पायरी ७: तेल बदलताना काय होईल?

ड्रेन बोल्टसमोर भोक आहे, एवढ्यावर समाधान मानू नका. बोल्ट सुटला की गरम तेल सरळ खाली पडत नाही, तिरकी धार मारतं आणि तेल संपत आलं की धार जवळ येते. भोक बोल्टच्या नेमकं खाली आणि लहान असेल, तर पहिलं अर्धं तेल प्लेटच्या आत जातं. नंतर कितीतरी दिवस ते थेंब थेंब गळत राहतं आणि चेंबर फुटल्याची शंका मनात येत राहते. भोक धारेच्या दिशेने लांबट हवं.

तेल फिल्टर, गिअरबॉक्सचा आणि ट्रान्सफर केसचा भरायचा व सोडायचा बोल्ट, डिफरन्शियलचा बोल्ट, ग्रीस भरायचे निपल, या प्रत्येकाला हात आणि पाना पोचतो का, ते विचारा. दर तेलबदलाला तीस किलोची प्लेट छातीवर घेऊन उतरवायची असेल, तर एक दिवस ती उतरते आणि परत चढत नाही.

पायरी ८: वजनाचा मेळ

सव्वा चौरस मीटरच्या आसपास झाकलं, तर ५ मिलिमीटर स्टीलला पन्नासेक किलो होतात, ६ मिलिमीटर ॲल्युमिनियमला वीस, ब्रॅकेट वेगळे. हे वजन गाडीच्या सामान वाहण्याच्या मर्यादेतून वजा होतं. पुढे लोखंडी बंपर आणि विंच आधीच असतील, तर पुढचे स्प्रिंग आणखी बसतील आणि ज्या उंचीसाठी खटपट केली तीच कमी होईल. चाकाच्या मध्यापासून मडगार्डच्या कडेपर्यंतचं अंतर आधी मोजून ठेवा, प्लेट लावल्यावर पुन्हा मोजा.

पायरी ९: पैसे देण्याआधी

उत्पादकाला किंवा विक्रेत्याला लिखित विचारा. तोंडी "होईल हो" नको. गाडीची ओळख आणि बदलांची यादी पाठवा, आणि एवढं मागा: धातू, मिश्रधातूचा क्रमांक, जाडी, वजन, ब्रॅकेटची जाडी, बोल्टचा आकार व दर्जा, बसवण्याची सूचनापत्रिका. सूचनापत्रिका आधी दाखवायला कां-कूं करणाऱ्याकडून मी घेत नाही. ती वाचली की अर्ध्या शंका मिटतात. चासीत भोक पाडावं लागतं का, मूळ पत्रा काढावा लागतो का, डिफरन्शियल खाली घेतलेलं असेल तर काय करायचं, हे सगळं त्यात असतं. शिवाय, पुढच्या धडकेत चुरगळण्यासाठी ठेवलेल्या चासीच्या टोकांना ही प्लेट जखडून टाकते का, हे एक वाक्य आवर्जून विचारा.

पायरी १०: बसवून पाहणं

बोल्ट घालण्यापूर्वी चासीतले आटे साफ करा. तिथे वर्षानुवर्षांचा गंज आणि चिखल असतो. तसाच बोल्ट पिळला, तर आतला वेल्ड केलेला नट सुटून चासीच्या पोटात गरगर फिरतो आणि मग तो पकडायला काही उपाय राहत नाही. आट्यांत गंज सोडवणारं तेल सोडा, आटे साफ करणारा टॅप हाताने फिरवा, आणि सगळे बोल्ट बोटांनी तीन-चार आटे लागल्याशिवाय एकालाही पाना लावू नका.

आता अंतराची तपासणी. लहान मुलांच्या खेळातल्या चिकणमातीचे लिंबाएवढे गोळे करा. चेंबर, डिफरन्शियल, ट्रान्सफर केस आणि सायलेन्सरच्या बरोबर खाली येतील असे ते प्लेटवर चिकटवा आणि प्लेट पूर्ण आवळा. गाडीखालून सगळ्यांनी बाहेर या. गाडी जमिनीवर, चाकांना अडणी, हँडब्रेक ओढलेला. मग इंजिन सुरू करून, ब्रेकवर पाय घट्ट ठेवून, एकदा पुढचा आणि एकदा रिव्हर्स गिअर टाका. मॅन्युअलमध्ये क्लच हलका सोडून लगेच दाबा. इंजिन आपल्या रबरी माउंटवर दोन्ही बाजूंना झुकतं आणि गोळे दाबले जातात. इंजिन लगेच बंद करा, सायलेन्सर तापू देऊ नका. मग प्लेट उतरवून गोळे मधून कापा आणि जाडी मोजा. घट्ट भागांच्या खाली मी १२ मिलिमीटरपेक्षा कमी स्वीकारत नाही, सायलेन्सरखाली २५. आकडा कमी आला, तर स्पेसर लावा किंवा प्लेट परत करा.

स्टीअरिंग एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत फिरवा आणि टाय रॉड (चाकं वळवणारे दांडे) कडेला लागतात का ते पाहा. स्टँडवर गाडी असताना चाकं पूर्ण लोंबू द्या, मग एका चाकाखाली चढ देऊन सस्पेन्शन पूर्ण दाबा. स्टॅबिलायझर बार (गाडी वळणावर कलू न देणारा दांडा) प्लेटच्या कडेजवळून जात असेल, तर याच वेळी कळतं.

शेवटी टॉर्क पाना, म्हणजे ठरलेल्या जोरानेच आवळणारा पाना. सूचनापत्रिकेतला आकडा पहिला मानायचा. तो नसेल, तर ८.८ दर्जाच्या ८ मिलिमीटर बोल्टला २५, १० मिलिमीटरला ५० आणि १२ मिलिमीटरला ८५ न्यूटन मीटर हे साधारण, कोरड्या आट्यांचे आकडे आहेत. आट्यांना ग्रीस लावलं असेल, तर कमी आवळा, नाहीतर बोल्ट ताणला जातो. ॲल्युमिनियमवर डोक्याखाली रुंद वायसर हवाच.

आवळून झालेल्या प्रत्येक बोल्टच्या डोक्यावरून शेजारच्या प्लेटवर रंगाची एक बारीक रेघ ओढा. पहिल्या कच्च्या फेरीनंतर, नाहीतर पाचेकशे किलोमीटरनंतर, प्लेट धुऊन खाली वाका. जिथे रेघ तुटलेली दिसेल तो बोल्ट हललेला आहे. तो काढा, आटे पुसा, आटे पकडणारा निळा द्रव लावून पुन्हा आवळा आणि नवी रेघ मारा. त्याच वेळी प्लेटवरचे नवे ओरखडेही खडूने गोल करून फोटो काढून ठेवा. पुढची प्लेट कुठे लावायची, ते त्यातूनच दिसेल.